एअर फ्रायर घ्यावा की इलेक्ट्रिक कुकर? आधी तेलाचा डबा मोजा

"डॉक्टर, एअर फ्रायर घेतला तर शुगर कमी होईल का?" दिवाळीच्या आसपास आणि लग्नसराईत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्याच्या मागोमाग आणखी दोन येतात. "मायक्रोवेव्हमध्ये शिजवलेलं अन्न वाईट असतं का?" आणि "मुलगा पुण्याहून इलेक्ट्रिक कुकर पाठवतो म्हणतो, घेऊ का?" नागरा, गोंदिया आणि आसपासच्या गावांत आता ही उपकरणं घरोघरी येऊ लागली आहेत. किमतीही काही हजारांच्या आत आल्या आहेत. त्यामुळे या विषयावर एकदा सविस्तर लिहायला हवं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्या भागातल्या बहुतेक घरांना एअर फ्रायरची गरज नाही. घरात अजून चूल पेटत असेल, तर पहिला खर्च इंडक्शन शेगडीवर करा. चूल बंद झालेली असेल आणि डाळी-कडधान्यं खाण्यात कमी असतील, तर इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घ्या. एअर फ्रायरचा नंबर त्यानंतरचा. असं का, ते समजून घेऊ.

उष्णता दोन प्रकारची

दुकानातली उपकरणं पाहून गोंधळ उडतो, पण आरोग्याच्या दृष्टीने प्रश्न एकच आहे: अन्न ओल्या उष्णतेवर शिजतं की कोरड्या?

पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, म्हणून तिथे तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं. वरण, भात, उसळ, वाफवलेली पाटोडी हे सगळं या गटातलं. कढईतलं तेल मात्र १७० ते १९० अंशांवर असतं आणि एअर फ्रायरमधली हवा १६० ते २०० अंशांवर. ओटीजीही याच कोरड्या गटात मोडतो.

पिठूळ पदार्थ, म्हणजे आलू, मैदा, बेसन वगैरे, १२० अंशांच्या वर कोरडे तापले की रंग बदलतात, खमंग होतात आणि सोबत अ‍ॅक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं. अन्नात ते सापडतं हे २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी जगासमोर मांडलं. त्याआधीच, १९९४ मध्ये, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या' पदार्थांच्या गटात टाकलं होतं. हा गट प्राण्यांवरच्या प्रयोगांवर आधारलेला आहे. जेवणातल्या अ‍ॅक्रिलामाइडमुळे माणसांना कर्करोग होतो असा ठाम पुरावा अजून नाही. तेव्हा घाबरून जाऊ नका. पण रोज ताटात करपलेलं, गडद तपकिरी अन्न असावं असंही नाही. उकडलेल्या, वाफवलेल्या अन्नात ही काळजीच नसते.

एअर फ्रायर काय करतो, काय करत नाही

एअर फ्रायर नावाने 'फ्रायर' असला तरी तो तळत नाही. तो एक लहान भट्टी आहे. आत तापणारी तार असते आणि जोरात फिरणारा पंखा. गरम हवा पदार्थाच्या पृष्ठभागावरचं पाणी पटकन उडवते आणि वरचा थर कुरकुरीत होतो. हे घरगुती यंत्र २०१० मध्ये फिलिप्सने बाजारात आणलं आणि नंतर सगळ्या कंपन्यांनी तशी यंत्रं काढली.

त्याचे दोन खरे फायदे आहेत. पहिला, तेल कमी लागतं. कढईत तळलेल्या १०० ग्रॅम फ्रेंच फ्राइजमध्ये साधारण १५ ग्रॅम तेल असतं. एअर फ्रायरमध्ये एका छोट्या चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये काम भागतं. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: तळणीचं उरलेलं तेल घरात राहत नाही. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात घातक घटक वाढत जातात. म्हणूनच आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या अशा घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. हॉटेलवाल्याला नियम आहे. आपल्या घरातल्या काळ्या पडलेल्या तेलाला मात्र नियम लावणारं कोणी नाही.

आता दुसरी बाजू. वरच्या उदाहरणात वाचलं किती? १० ग्रॅम तेल, म्हणजे ९० कॅलरी. तुमच्या घरी तळण आठवड्यातून एकदा होत असेल, तर आठवड्याला ९० कॅलरी. आणि दिवसाला तीन कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर घेत असाल, तर त्यातून रोज ३० ग्रॅम साखर, म्हणजे १२० कॅलरी पोटात जातात. चहातली साखर एक दिवस बंद ठेवली तर एअर फ्रायरची आठवड्याची कमाई मागे पडते, आणि तीही फुकटात.

शुगरचा प्रश्न तर आणखी सरळ आहे. आलू तळला काय, गरम हवेत भाजला काय, त्यातलं पिष्ठ तेवढंच राहतं. रक्तातली साखर त्या पिष्ठामुळे वाढते. म्हणून "एअर फ्रायरने शुगर कमी होईल का" याचं उत्तर आहे: नाही. वजन थोडं कमी झालं तर अप्रत्यक्ष फायदा होईल, पण त्यासाठी आधी रोजचं तळण खाणारं घर हवं.

अ‍ॅक्रिलामाइडच्या बाबतीतही एअर फ्रायर सुरक्षित आहे असं समजू नका. ते तापमान, वेळ आणि रंगावर ठरतं. तेल नाही म्हणून जास्त वेळ ठेवून गडद केलं, तर ते वाढतंच. आलूचे काप अर्धा तास पाण्यात ठेवा, पुसून मग टाका. सोनेरी रंग आला की काढा. कच्चे आलू फ्रिजमध्ये साठवू नका, कारण थंडीत त्यातली साखर वाढते आणि तापवल्यावर अ‍ॅक्रिलामाइड जास्त होतं.

आणि एक सवय मी अनेक घरांत पाहतो. एअर फ्रायर आला की त्याच्या मागून फ्रोझन नगेट्स, फ्राइज, समोसे यांची पाकिटं येतात. आधी महिन्यातून दोनदा भजी व्हायची, आता "तेल लागत नाही" म्हणून आठवड्यातून चारदा कुरकुरीत काहीतरी होतं. ही पाकिटं बहुतेक वेळा कारखान्यातच एकदा तेलातून निघालेली असतात आणि त्यांत मीठही भरपूर असतं. पाकिटामागचा मजकूर वाचा, कळेल.

तेल नेमकं जातं कुठे?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनानुसार २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेलं तेल-तूप दिवसाला साधारण २७ ग्रॅम असावं. चार जणांच्या घराचा हिशोब करू. २७ ग्रॅम गुणिले चार माणसं गुणिले ३० दिवस, म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास. लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल असतं. म्हणजे तेल-तूप मिळून महिन्याला साडेतीन लिटर.

आता तुमच्या घरात महिन्याला किती पिशव्या येतात ते आठवा. बहुतेक घरांचा आकडा पाच-सहा असतो. आणि यातलं फार थोडं तेल तळणात जातं. जास्त जातं फोडणीत, परतण्यात आणि आपल्या वैदर्भीय लाडक्या तर्रीत. रश्श्यावर लाल तेलाचा थर तरंगला नाही तर भाजी जमली असं आपल्याला वाटतच नाही. या तेलाला एअर फ्रायर हातही लावू शकत नाही.

म्हणून यंत्र घेण्याआधी एक महिना हा प्रयोग करा. महिन्याच्या पहिल्या तारखेला साडेतीन लिटर तेल वेगळ्या डब्यात काढा. तूप खात असाल तर तेवढं तेल कमी काढा. स्वयंपाकाला तेच वापरा आणि फोडणीला पळीऐवजी पोह्याचा चमचा ठेवा. डबा कितव्या तारखेला संपतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. विसाव्या तारखेला संपला, तर तुमचा प्रश्न फोडणीचा आहे हे तुम्हाला स्वतःलाच कळेल.

इलेक्ट्रिक कुकर: डाळीसाठी घ्या, भातासाठी नको

आपला जिल्हा धानाचा. सकाळी भात, रात्री भात आणि मध्ये पोहे किंवा मुरमुरे, असं ताट इथे नवीन नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. त्याच पाहणीतल्या आहाराच्या नोंदी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. भारतीयांच्या जेवणातल्या ६२ टक्के कॅलरी पिष्ठमय पदार्थांतून येतात आणि प्रथिनं कमी पडतात. त्यातला थोडा वाटा डाळी, दूध-दही यांनी भरला तर मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे.

१०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ७८ ग्रॅम पिष्ठ आणि ७ ते ८ ग्रॅम प्रथिनं असतात. १०० ग्रॅम तुरीच्या डाळीत प्रथिनं २२ ग्रॅमच्या आसपास. गणित उघड आहे: भाताची एक मूद कमी आणि घट्ट वरण किंवा उसळ एक वाटी जास्त. पण हे रोज जमत नाही, कारण चणे, मूग, बरबटी, वाल शिजायला वेळ आणि गॅस लागतो. शेतावरून किंवा नोकरीवरून दमून आलेली बाई पातळ वरण टाकून मोकळी होते. तिला दोष देऊ नका.

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरचा उपयोग इथे आहे. भिजवलेलं कडधान्य, पाणी, हळद, मीठ टाकलं, बटण दाबलं आणि दुसऱ्या कामाला गेलं. शिट्ट्या मोजायच्या नाहीत आणि शिजल्यावर आच आपोआप बंद होते. वयस्कर माणसं, हात थरथरणारे, गॅस चालू ठेवून विसरणारे यांच्यासाठी हे फार सोयीचं आहे. आणि डाळ लवकर शिजावी म्हणून टाकला जाणारा खायचा सोडाही बंद होतो. सोड्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. बंद कुकरमध्ये, कमी पाण्यात, कमी वेळात शिजवलं की बरीच जीवनसत्त्वं टिकतात. "कुकरने अन्नातला जीव जातो" हे खरं नाही.

वाफेवर जेवण शिजवण्याची ही कल्पना आपल्याकडे नवीनही नाही. १९१० च्या सुमारास कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी कोळशावर चालणारा 'इकमिक कुकर' बनवला. डब्यावर डबा, खाली निखारे, वर वरण, भात, भाजी. पुढे पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटापासून केलेल्या कोळशावर चालणारा 'सराई' कुकर लोकांपर्यंत नेला. या दोन्ही कुकरांत रोजचं साधं जेवण शिजतं. हौसेचे पदार्थ त्यांच्या बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते.

तीन सूचना मात्र पाळा.

१. इलेक्ट्रिक कुकर किंवा राइस कुकर घेतल्याने भात 'शुगर-फ्री' होत नाही. जाळीतून पेज काढणाऱ्या कुकरच्या जाहिराती येतात. पेज काढल्याने पिष्ठ थोडं कमी होतं, जीवनसत्त्वंही जातात. खरा फरक वाटीच्या मापाने पडतो. आपल्या राइस मिलमधून मिळणारा उसना तांदूळ खात असाल तर उत्तम, त्यात बी-१ जास्त टिकतं. पण मोजून खा.

२. भात शिजल्यावर कुकर बंद करून रात्रभर तसाच ठेवू नका. तांदळात बॅसिलस सिरिअस या जंतूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. मग उलट्या, जुलाब. 'कीप वॉर्म' चालू असेल आणि भात चांगला कडक गरम, म्हणजे ६० अंशांच्या वर असेल, तर काही तास चालतं. नाहीतर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. आपल्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात तर त्याही आधी.

३. लाखोळीची डाळ खात असाल तर ती गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या, मगच कुकरला लावा. तिच्यात पायांच्या नसांना इजा करणारा घटक असतो. तो पाण्यात उतरतो. तेच पाणी कुकरमध्ये कोंडलं तर तो ताटातच राहतो. आणि फक्त हीच डाळ रोज खाऊ नका.

किडनीचा आजार असणाऱ्यांनी डाळ वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

चूल पेटत असेल तर आधी इंडक्शन

आता सगळ्यात महत्त्वाचं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि गॅस गावोगाव पोहोचला. तरीही मागच्या अंगणात आंघोळीचं पाणी, जनावरांची चुरी आणि पावसाळ्यात भाकरीसुद्धा चुलीवर होते. सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून. समोरच्या खोलीत नवा एअर फ्रायर आणि मागे धुरात बसलेली आजी, हे चित्र मला खटकतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या इंधनाच्या धुरामुळे जगात ३२ लाख लोक दगावले. या धुराने फुप्फुसांतल्या श्वासनलिका कायमच्या आकसतात (सीओपीडी), लहान मुलांना न्यूमोनिया होतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो. आयुष्यात एकही बिडी न ओढलेल्या बायका दम लागतो म्हणून माझ्याकडे येतात. त्यांना वाटतं वयाने होत असेल. फुंकून करायची स्पायरोमेट्री तपासणी केली की कारण कळतं: तीस-चाळीस वर्षांचा धूर. तुमच्या आईला, सासूला चालताना दम लागत असेल किंवा खोकला महिनोन्महिने जात नसेल, तर ही तपासणी करून घ्या.

इंडक्शनला धूर नाही, ज्योत नाही. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर ढोबळमानाने १२० ते १३० युनिटांत होतं. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर पाहून हिशोब करा, आणि १०० व ३०० युनिटांच्या पुढे दर वाढतो हेही लक्षात ठेवा. सगळा स्वयंपाक हलवला नाही तरी चालेल. सकाळचा चहा, दूध, आंघोळीच्या पाण्याचा गंज एवढं जरी चुलीवरून उतरलं, तरी धूर बराच कमी होईल.

घेण्याआधी घरातल्या भांड्यांना लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तरच ते भांडं चालेल. अ‍ॅल्युमिनियमचा जुना कुकर आणि पितळेचा गंज चालणार नाही. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी चालू इंडक्शनपासून ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट अंतर ठेवावं.

मायक्रोवेव्ह आणि ओटीजी

मायक्रोवेव्हच्या लहरींनी अन्न किरणोत्सर्गी होत नाही आणि त्यांनी कर्करोग होतो असा पुरावा नाही. त्या फक्त अन्नातल्या पाण्याला तापवतात. गरम करायला, भाजी वाफवायला तो चांगला आहे. प्लॅस्टिकच्या डब्यात मात्र गरम करू नका, काच किंवा चिनी माती वापरा. मध्ये एकदा ढवळा, कारण अन्न सगळीकडे सारखं तापत नाही. ओटीजी केक-बिस्किटांसाठी आहे. शुगरच्या घरात त्याची घाई नको.

वायरिंग पाहिल्याशिवाय काहीच घेऊ नका

१५०० वॅटचं उपकरण साधारण साडेसहा अँपिअर वीज ओढतं, २००० वॅटचं पावणेनऊ. आपल्या घरातला लहान प्लग ६ अँपिअरचा असतो. त्यावर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर ही यंत्रं चालवली तर प्लग वितळतो, आग लागू शकते. १६ अँपिअरचा मोठा प्लग, नीट अर्थिंग आणि धक्का बसण्याआधी वीज तोडणारा स्विच, हे आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. भाजलेल्या हातावर उपचार करताना मला नेहमी वाटतं, हा खर्च आधी झाला असता तर किती स्वस्त पडला असता.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं?

- घरात चूल पेटते: इंडक्शन शेगडी.
- गॅस आहे, पण डाळ-उसळ रोज होत नाही, किंवा घरात वयस्कर माणसं एकटी स्वयंपाक करतात: इलेक्ट्रिक प्रेशर कुकर.
- साधा प्रेशर कुकर आहे आणि रोज व्यवस्थित वापरला जातो: काहीच घेऊ नका.
- पुण्या-नागपूरला शिकणारा, एकटा राहणारा मुलगा: इंडक्शन आणि एक लहान स्टीलचा कुकर.
- घरात आठवड्यातून तीन-चारदा तळण होतंच आणि थांबत नाही: एअर फ्रायर घ्या, पण फ्रोझन पाकिटांशिवाय.
- बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाअखेरीस संपतात आणि चार दिवस तशाच जातात: यंत्राचे पैसे आधी औषधाला आणि तीन महिन्यांच्या साखरेच्या, म्हणजे एचबीए१सीच्या तपासणीला ठेवा. कोणतंही यंत्र चुकलेल्या गोळीची भरपाई करत नाही.

महाशिवरात्रीच्या जत्रेत गरम भजी खाल्ली म्हणून कोणाचं हृदय बंद पडत नाही. सणाला कढई चढू द्या, ताजं तेल वापरा, मोजून खा आणि उरलेलं तेल पुन्हा तळायला ठेवू नका. तब्येत बिघडते किंवा सुधारते ती उरलेल्या साडेतीनशे दिवसांच्या जेवणाने. यंत्र निवडताना त्या दिवसांचा विचार करा. आणि खरेदीला जाताना घरात स्वयंपाक जी करते, तिला सोबत न्या. वापरायचं तिलाच आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजारानुसार आहारात बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)